रस्त्यालगतचा साग

८ जानेवारी

आज सहासष्ट पूर्ण झाली. सोइलानं सकाळी हिरवी केळी कुटून बोलोनचा गोळा केला, आत चीज भरपूर भरलं आणि म्हणाली, "खा म्हाताऱ्या, एवढं चीज आता पुढच्या वाढदिवसाला." स्पेनहून गार्देनियाचा फोन आला. पोरीचा दर वर्षीचा प्रश्न तोच, "पप्पा, दुकान कधी बंद करणार?" आणि माझं उत्तरही तेच. साग तयार झाला की.

हे लिहायला घेतलंय ते निर्णय याच वर्षी घ्यायचा आहे म्हणून. नोकरदाराच्या बाबतीत निर्णय सरकार घेतं. ठरलेल्या वयाला साहेब मनगटी घड्याळ देतो, लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन. कुलूपवाल्याला घड्याळ कोण देणार? ग्वायाकिलच्या आमच्या गल्लीत एकालाही पेन्शन नाही, पण योजना मात्र प्रत्येकाची आहे. शेजारी वेलिंग्टन कोंबड्या भाजतो. त्याच्या गच्चीवर लोखंडी सळया उभ्या आहेत. वर दोन मजले चढवायचे, भाड्यानं द्यायचे आणि स्वतः झोपाळ्यात पडून राहायचं, असा त्याचा बेत. कोपऱ्यावरची शिवणकामवाली मर्सी म्हणते, माझी मुलं हीच माझी पेन्शन. तिची तिन्ही मुलं अजून तिच्याच पातेल्यात जेवतात. न्हावी लॉटरी घेतो.

आणि माझा साग. शहराबाहेर बाल्सारला, बसच्या रस्त्याला लागून, दोन हेक्टर. बावीस वर्षांपूर्वी विम्याच्या ऑफिसातला एक माणूस दुकानात येऊन समजावत होता की स्वतःचा धंदा असणाऱ्यांनाही आता हप्ते भरता येतात, म्हातारपणी पेन्शन बसते. मी त्याला म्हटलं, "साहेब, गेल्या काही वर्षांत या देशात सरकारं पडली, बँका बुडाल्या, आमचं चलनसुद्धा मेलं. झाड तेवढं वाढत राहिलं." तो हसला आणि एक कुलूप घेऊन गेला.

सोइला आज पुन्हा म्हणाली, "आता विकून टाकू या, ओल्मेदो. आहे तसा." तिला धीर नाही. बायकांना झाड उंच झालं की तयार झालं असं वाटतं.

१० जानेवारी

काल शहरात गुंडांच्या टोळ्यांनी भलताच धुमाकूळ घातला. सैनिक रस्त्यावर आलेत, संचारबंदी लागली. दुकान दोन दिवस बंद. पहिल्या पावसाबरोबर येणारे किडे यंदाही आले, शटरवर काळा थर बसलाय. सोइला ते झाडत होती. तिला म्हटलं, घाबरू नकोस, आपल्याला कोण हात लावतो.

२० जानेवारी

बाल्सारला जाऊन आलो. साग विकत घेणारा हिंदुस्थानी व्यापारी आला होता. त्यांच्या मुलखात हे झाड मूळचं, आता पुरत नाही म्हणून इथून जहाजानं नेतात. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. रस्त्याकडच्या झाडांना त्यानं फीत लावली, एका बुंध्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, "माल चांगला आहे. पण गाभा अजून भरायचाय. तीन वर्षं थांबलात तर भाव दुप्पट." मी उल्बियोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

उल्बियो म्हणजे सोइलाचा चुलतभाऊ. झाडांची राखण तोच करतो, शेजारीच राहतो. गार्देनियाला बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये त्यानंच हातावर घेतलं होतं, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. आज त्याचं काहीतरी बिनसलं होतं. व्यापाऱ्याला मी म्हटलं, चला, आत शिरू, पार नदीपर्यंत दाखवतो. तर उल्बियो मध्ये आला. "कोंपाद्रे, आत गुडघाभर चिखल आहे. आणि परवाच फुरसं निघालं, हे एवढं."

व्यापाऱ्याचे बूट पातळ होते. तो नको म्हणाला. परत फिरताना पाहिलं तर झाडांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. पूर्वी तिथं अंधार असायचा. उल्बियो म्हणाला, "विरळणी केली. झाडाला हवा लागते." ते खरंय. त्याला झाडातलं कळतं.

२ फेब्रुवारी

धंदा जोरात. गल्लीत जो तो दाराला दुसरं दार लावतोय. लोखंडी जाळी, जाळीला साखळी, साखळीला माझं कुलूप. लोकांच्या भीतीवर माझं पोट भरतं हे बरं नाही, पण खोटं कशाला लिहू, भरतं.

दुपारी वेलिंग्टन आला, हाताला तेलाचा वास. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही लस घेतली का?"

आमच्याकडे खंडणीला लस म्हणतात. टोचून घेतली की महिनाभर तब्येत चांगली राहते.

"मला कोण टोचणार?" मी म्हटलं. "या गल्लीतल्या निम्म्या गुंडांच्या आयांना मी दारं उघडून दिलीत, चाव्या हरवल्या तेव्हा. माझ्याकडे आजवर एक माणूस फिरकला नाही."

"एकही?"

"एकही. माणसानं ताठ उभं राहिलं पाहिजे, वेलिंग्टन. वाकलेल्याच्याच पाठीवर बसतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नशीबवान आहात हो," आणि गेला. एरवी पोपटासारखा बडबडणारा माणूस, आज एवढंच बोलला.

१६ फेब्रुवारी

सोइलाला बोयोचं वेड लागलंय. दर शुक्रवारी ती यादिरा नावाची मुलगी कडेवर मूल आणि हातात टोपली घेऊन येते, आणि सोइला तिच्याकडून केळीच्या पानातले माशाचे बोयो घेते. चव अशी की साबण खाल्ल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "तू स्वतः हिच्यापेक्षा शंभर पटीनं चांगले करतेस."

"गरीब पोरगी आहे. घेऊ दे की."

बरं, घे. तिचा स्वभावच तसा. मर्सीसुद्धा मला परवा म्हणाली, "मिस्त्री, तुमची बायको देवी आहे. तुम्हाला कल्पना नाही." मी म्हटलं, कल्पना आहे, चाळीस वर्षं तिच्या हातचं खातोय.

१६ मार्च

वेलिंग्टन गेला.

काल दुपारी, भर गर्दीच्या वेळी. कोंबड्या सळईवर फिरत होत्या. मोटारसायकल थांबली, मी आवाज ऐकला, मला वाटलं टायर फुटला. बाहेर आलो तर तो काउंटरमागे पडला होता आणि त्याची बायको भट्टी बंद करत होती. ओरडत नव्हती. एक एक करून सगळे बर्नर बंद करत होती.

लोक म्हणतात नदीपलीकडे दुरानला त्याची एक बाई होती, तिच्या नवऱ्याचं काम. असेल. वेलिंग्टन दिसायला बरा होता. मी हेच सोइलाला सांगितलं तर ती एकदम अंगावर आली. "बाई? कसली बाई? त्यानं देणं थांबवलं होतं, ओल्मेदो! त्यांनी वाढवून मागितलं, हा नाही म्हणाला!"

"तुला काय ठाऊक?"

ती भांडी आवरायला लागली. म्हणाली, बायका बोलतात.

काल शुक्रवार होता. एवढ्या गोंधळातही यादिरा टोपली घेऊन आली आणि सोइलानं बोयो घेतले. पैसे टोपलीत टाकून लगेच दार लावून घेतलं. मयताच्या दिवशी साबण कोण खातं?

११ एप्रिल

सोइलानं आईकडून आलेलं शिलाई मशीन विकलं. म्हणते डोळ्यांना दिसत नाही. गार्देनियाचे शाळेचे सगळे कपडे त्याच मशीनवर शिवले होते. मला वाईट वाटलं, पण तिचं मशीन, तिची मर्जी.

वेलिंग्टनची बायको मुलांना घेऊन मांताला माहेरी गेली. दुकानाला तिनं माझंच कुलूप लावलं. पैसे घेतले नाहीत मी. गच्चीवरच्या सळया तशाच आहेत.

२३ जून

चांगली बातमी. सोइलाच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या. मी बाटली संपलेली पाहिली, विचारलं, तर म्हणाली, "डॉक्टर म्हणाला आता गरज नाही." मी म्हटलं बघ, मीठ कमी केल्याचा फायदा. मीच तिच्या मागे लागलो होतो.

हल्ली बाल्सारला तीच जाते, महिन्यातून एकदा. म्हणते दुकान सोडून तू कशाला, मी उल्बियोच्या बायकोलाही भेटते. परत येते तेव्हा दमलेली असते, चपला दाराबाहेर काढते, तळव्यांना भुसा लागलेला असतो. विचारलं तर म्हणाली, उल्बियो कोंबड्यांचं खुराडं बांधतोय.

४ ऑगस्ट

आज निवांत बसून हिशेब नाही, स्वप्न लिहितो. तीन वर्षांनी मी एकोणसत्तर. साग विकला की बाल्सारलाच, नदीच्या बाजूनं, दोन खोल्यांचं घर. ओसरीवर दोन झोपाळे. चाव्या कापायचं मशीन मी कोणालातरी देऊन टाकीन, त्या आवाजानं माझा उजवा कान गेलाय. सकाळी उठून काहीही करायचं नाही. मला काहीही न करणं जमेल का हा प्रश्न आहे. सोइलाला हे सगळं वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळत होतं म्हणे.

२९ सप्टेंबर

वीज जाते. धरणांत पाणी नाही म्हणतात. दिवसातले दहा दहा तास अंधार. मशीन बंद, मी कानशीनं हातानं चाव्या घासतो. एका चावीला अर्धा तास. गिऱ्हाइकं कंटाळून निघून जातात. सोइला विचारते, "आज किती झाले?" रोज विचारते. पूर्वी कधी विचारायची नाही.

१६ ऑक्टोबर

सोइला पडली. सकाळी तांदूळ निवडताना. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबकळला. मर्सीच्या मुलानं गाडी आणली. सरकारी इस्पितळात बारा माणसांच्या खोलीत खाट मिळाली तीच मोठी गोष्ट. डॉक्टरीणबाई तरुण आहे, माझ्यावर ओरडली. "गोळ्या कोणी थांबवल्या?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी."

"असा रक्तदाब असताना कुठलाही डॉक्टर गोळ्या थांबवणार नाही, काका."

मला काही कळत नाही. सोइलाला बोलता येत नाही. ती डाव्या हातानं माझी बाही धरते आणि काहीतरी सांगू पाहते. "शु... शु..." मी पाणी देतो. पाणी नको असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कपडे न्यायला घरी आलो होतो. दुकानाचं शटर अर्धं वर केलं, तर यादिरा उभी. कडेवर मूल.

"बाई कुठंय?"

"इस्पितळात. बोयो नकोत आम्हाला, पोरी. आणि खरं सांगू? कधीच नको होते."

ती हलेना. मुलाच्या नाकाला पदर लावल्यासारखं आपल्या सदऱ्याचं टोक लावलं आणि हळूच म्हणाली, "मिस्त्री, बोयो नकोत तर नकोत. पण आज शुक्रवार आहे."

"असू दे ना शुक्रवार!"

"तुम्ही खरंच..." ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे अशी बघत होती जसं लोक आंधळ्याकडे बघतात. "मी जाते. पण ते येतील. मला दोष देऊ नका. माझंही पोर आहे."

आत्ता हे लिहिताना आठवलं. "शु." सोइला शुक्रवार म्हणत होती.

२१ ऑक्टोबर

ते आले. दोघं. एकानं हेल्मेटही काढलं नाही, दुसरा स्टुलावर बसून माझ्या कुलपांशी खेळत होता.

"मिस्त्री, एक हप्ता राहिला. बाई आजारी आहे ते कळलं, वाईट वाटलं. पण आता ते तुम्ही बघायचं."

मी उभा राहिलो. दोन वर्षं जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते बोललो. की मी कुणाला एक सेंटही दिलेला नाही, की माझ्या दारात यायची कुणाची हिंमत नव्हती. स्टुलावरचा हसला नाही, हे मला जास्त लागलं. त्यानं हेल्मेटवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, म्हाताऱ्याला खरंच माहीत नाही." मग मला, समजूत घातल्यासारखं, "आजोबा, घरी बायकोला विचारा. पुढच्या शुक्रवारी येतो. दुप्पट."

पोलीस चौकीवर गेलो. हवालदार ओळखीचा, त्याच्या तिजोरीचं कुलूप मीच बसवलं होतं. तो म्हणाला, "तक्रार लिहून घेतो, मिस्त्री. पण संध्याकाळपर्यंत त्यांना कळेल. लिहू का?" मी म्हटलं नको.

२३ ऑक्टोबर

सोइलाला थोडं बोलता येतंय. शब्द तोंडात घोळतात, पण समजतात.

"कधीपासून?"

"वेलिंग्टन... जायच्या आधीचं वर्ष."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्या पोरीनं तुझा फोटो दाखवला. तू दुकानात बसलेला, खाली मान, कानस हातात. रस्त्यापलीकडून काढलेला." ती दम घ्यायला थांबली. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हाकलून दिलं असतं."

"हां," ती म्हणाली. "म्हणूनच."

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे पाठ करून झोपल्याचं सोंग करत होती.

मी विचारलं, एवढे पैसे आणले कुठून? मशीन, गोळ्या, ते ठीक. बाकीचे? तिनं डोळे मिटून घेतले. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बाल्सारला जा."

२४ ऑक्टोबर

गेलो. सकाळच्या बसनं.

रस्त्यावरून सगळं जागच्या जागी होतं. उंच, सरळ, पानं पंख्याएवढी. मी आत शिरलो. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी नव्हती. पार नदीपर्यंत ऊन पडलं होतं आणि त्यात बुडखे. ओळीनं, मी दोरी धरून आखलेल्या ओळीनं. काही जुने, करडे पडलेले, बाजूनं खांद्याएवढे फुटवे आलेले. काही अलीकडचे. अगदी नदीकडून सुरुवात केली होती आणि हळूहळू रस्त्याकडे येत गेले होते. एकेका बुडख्याकडे बघून सांगता येत होतं, हा माझा मार्च, हा माझा जुलै. एका नव्या बुडख्यावर हात ठेवला. गाभा अजून पुरता भरला नव्हता. हिंदुस्थानी माणूस खरं सांगत होता.

फुरसं नव्हतं. चिखलही नव्हता.

उल्बियो त्याच्या पायरीवर टोपी काढून बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. चोर म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "कोंपाद्रे, मी तिला म्हटलं होतं, त्याला सांग. ती म्हणाली, झाडं गेली तर गेली, मला माणूस हवा. रस्त्याकडच्या चार ओळी तेवढ्या ठेव म्हणाली, बसमधून जाता-येता त्याला दिसतील एवढ्या."

२६ ऑक्टोबर

दोन दिवस सोइलाशी बोललो नाही. जातो, पेज भरवतो, पाठ पुसतो, येतो.

झाडांचा राग नाही, हे स्वतःपुरतं तरी लिहून ठेवतो. राग याचा की सगळ्यांना माहीत होतं. मर्सीला, न्हाव्याला, वेलिंग्टनलाही असणार. मी गल्लीत छाती काढून फिरत होतो, मेलेल्या माणसाला ताठ उभं राहायला शिकवत होतो, आणि माझी बायको मागं उभी राहून माझ्या जिवाचा हप्ता भरत होती. आणि त्यातलं कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कालचा शुक्रवार गेला. मी दुकान उघडलं नाही.

२९ ऑक्टोबर

सकाळी शटरवर गोळ्यांची भोकं. आतलं मशीन मधोमध फुटलं. मर्सी म्हणाली, "मिस्त्री, जा इथून. आता लगेच जा. वहिनींनी एवढं केलं ते वाया घालवू नका."

जाळी भंगारात घ्यायलाही कुणी नाही, दुकान घ्यायला तर कुणीच नाही. तीस वर्षांचं दुकान फुकट घ्या म्हटलं तरी लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातील. कुलूप लावलं. मग लक्षात आलं, कशाला लावलं?

३ नोव्हेंबर

सोइलाला इस्पितळातून सोडलं. थेट बसस्टँडवर. तिला खिडकीजवळ बसवलं. बाल्सार जवळ आल्यावर साग दिसला, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. मी तिचा उजवा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्या हाताला काही कळतं की नाही माहीत नाही. एवढंच जमलं मला. बोलायला अजून जमत नाही.

१ डिसेंबर

उल्बियोच्या मागच्या खोलीत राहतोय. गार्देनिया महिन्याला थोडं पाठवते. तिथं ती बंद शेडमध्ये सॅलडची पानं पिशव्यांत भरते, तिच्याकडे तरी कुठून येणार. तिला सांगितलं, आईच्या तब्येतीसाठी हवापालट केलाय.

उल्बियोशी बोलायला लागलो. दुसरं करणार काय, एकाच पातेल्यातलं जेवतो.

आज सोइलाशीही बोललो. ती भिंतीला धरून उभी राहायचा सराव करत होती, पडता पडता वाचली. मी ओरडलो, "सांगायचं नाही का मला?" आणि माझेच शब्द मला ऐकू आले. मग ती तिच्या वाकड्या तोंडानं हसायला लागली. खूप हसली. मीही.

१५ डिसेंबर

बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसतो. जुन्या मशीनचे तुकडे जोडून हातानं फिरवायचं एक बनवलंय. सायकलची कुलपं, पेटाऱ्यांची कुलपं. भातगिरणीच्या मालकानं गोदामाचं मोठं काम दिलं. पोटापुरतं होईल.

चार ओळी आहेत. अजून दोन वर्षं थांबलं, तर व्यापारी म्हणतो तसा भाव येईल. दोन खोल्या नाही, एक तरी. सोइलाला म्हटलं, पेन्शन पुरती बुडालेली नाही. ती म्हणाली, "थांबू या. आता घाई कसली." पहिल्यांदाच ती थांबू या म्हणाली.

१२ जानेवारी

आज बाजारात एक माणूस आला. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, नखं स्वच्छ. चावीची जोड करून घेतली. मी सांगितली ती किंमत दिली, घासाघीस नाही. चावी उजेडात धरून बघितली.

"सुबक काम आहे, मिस्त्री. ग्वायाकिलचा हात दिसतो."

"होय."

"इथं बाजारात बसणारे सगळे थोडं थोडं देतात. कुणी त्रास देऊ नये म्हणून. तुम्ही नवीन आहात, मी स्वतः सांगायला आलो." मग जाता जाता, जसं कुणी मुलांची चौकशी करतं तसं, "रस्त्याकडचा तो साग तुमचाच ना? देखणा आहे. आणि वहिनी आता चालतात वाटतं थोड्या. परवा ओसरीवर दिसल्या."

मी उभा राहिलो नाही. विचारलं फक्त, कधी आणि कुणाकडे द्यायचं.

१७ जानेवारी

उल्बियोला नदीच्या बाजूला नेऊन सांगितलं, एक झाड पाडायचं. चौथ्या ओळीतलं, कडेचं. खोलीच्या खिडकीतून न दिसणारं.

त्यानं टोपी जमिनीवर आपटली. "कोंपाद्रे, हे मला पुन्हा करायला लावू नका."

"एकच."

"तीही एकच म्हणाली होती."

दुपारी तोडलं. पडताना बाकीच्यांच्या फांद्यांना घासत गेलं, खूप आवाज झाला. आधीची झाडं नेली त्याच लाकूडवाल्यानं हेही नेलं, मिळायचे त्याच्या निम्मे हातावर टेकवून. मी ते मोजले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. नदीवर पाय धुतले, चपला धुतल्या, तळवे चोळून चोळून धुतले.

जेवताना सोइला म्हणाली, "करवतीचा आवाज येत होता."

"पलीकडच्या वाडीत," मी म्हटलं. "कुणीतरी आंबा पाडला."

ती ताटातला मासा निवडत राहिली. डाव्या हातानं, सावकाश, एक एक काटा. निवडलेला तुकडा तिनं माझ्या ताटात ठेवला.

"जेव, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "आणि पुढच्या बाजाराला मी येणार आहे. स्टूल एक जास्तीचं घे. एकट्यानं बसू नकोस."